चौथ्या मजल्यावरचं पत्र

दाढीचा फेस अर्ध्या गालावर तसाच ठेवून तो न्हाणीघराच्या दारात उभा राहिला, कारण स्वयंपाकघरातून त्याला स्वतःचं हसू ऐकू येत होतं.

हसू त्याचंच होतं, त्यात शंका नव्हती. आधी नाकातून दोन बारीक फुसकारे, मग घशात अडकलेली एक गुळणी, आणि शेवटी बोळक्या माणसाचं असतं तसं मोकळंढाकळं खिदळणं. एकोणतीस वर्षांपूर्वी एका दुपारी आरशासमोर बसून, शिंप्याने कोट बेतावा तसं त्याने ते बेतलं होतं. आज ते त्याच्यावाचून हसत होतं.

आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं हसू आलं. ते त्याच्या बायकोचं होतं.

"चला, तुमचं आपलं काहीतरीच," बायको रेडिओला म्हणाली.

सकाळचे आठ चाळीस झाले होते. 'टपालमामा' लागला होता.

टपालमामा म्हणजे जुन्या सायकलवरून घरोघर टपाल वाटणारा एक पोस्टमन. बडबड्या, चौकस, किनऱ्या आवाजाचा. दर सकाळी तो एका दारात थांबायचा, त्या घरच्या भानगडीत नाक खुपसायचा, जाता जाता कोणाचं तरी कोडं सोडवायचा आणि दहा मिनिटांत घंटी वाजवून पसार व्हायचा. एवढंच. पण ह्या एवढ्याशाच्या जोरावर पुस्तकं निघाली, भिंतीवरची कॅलेंडरं निघाली, मुलांच्या कंपासपेट्यांवर मामाची सायकल आली. "पत्र ज्याचं त्याने फोडावं, आपण फक्त घंटी वाजवावी," हे मामाचं वाक्य लोक कचेरीत, सोयरीक जुळवताना, शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं सोडवताना म्हणू लागले. निम्म्याअधिक लोकांना ते मुळात रेडिओवरचं आहे हेही ठाऊक नव्हतं. त्याला ह्याचा फार अभिमान होता. लिहिणारा तोच, बोलणारा तोच. घंटीसुद्धा तोच वाजवायचा.

मग घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, जीव वाचला. पण शुद्धीवर आल्यावर त्याने पाणी मागितलं तेव्हा पत्र्यावरून खडे ओढावेत तसा एक आवाज खोलीत उमटला, आणि तो कुठून आला हे बघायला त्याने मान वळवली.

रेडिओ केंद्राने मामा विकत मागितला तेव्हा त्याने फार ताणून धरलं नाही. नाव, सायकल, घंटी, आवाज आणि लकब, असं कागदावर लिहिलेलं होतं. त्याने सही केली. फक्त एक अट घातली: नवा मामा मी निवडणार. त्याला पडद्याच्या अलीकडे बसवून पलीकडून एकेकाला बोलायला लावलं. दहा आवाज आले नि गेले. अकराव्याला त्याच्या मानेवर काटा उभा राहिला. 'हाच,' त्याने कागदावर लिहिलं. पडदा सरकला तर समोर पस्तिशीची एक बाई, सर्दीने नाक लाल झालेली, हातात पाण्याची बाटली. पण त्याने शब्द फिरवला नाही. घंटी तिच्या हातात दिली. बरोबर एक वही दिली, तिच्यात मामाचे अकरा नियम होते. पहिला नियम: मामा पत्र फोडत नाही. सातवा: मामाला सगळं ठाऊक असतं.

त्याला चौदा महिने झाले होते.

ह्या चौदा महिन्यांत त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. माणूस गेला की त्याचा आवाज जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. आवाज गेला आणि माणूस मागे राहिला, तर त्याने कुठे जायचं हे कोणी सांगत नाही. न्हाव्याच्या दुकानात तो गळ्याला कापड बांधून बसलेला असे आणि फळीवरच्या रेडिओतून तो स्वतःच न्हाव्याला हसवत असे. लिफ्टमध्ये शेजारची पोरगी मामाची नक्कल करी, तीही त्याच्याच पाठीशी उभी राहून. तो मागे वळला की ती ओशाळून गप्प होई. हे आजोबा बोलत नाहीत, एवढंच तिला ठाऊक. आपल्याच घरात वावरायची मुभा मिळालेल्या, पण कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या माणसासारखं त्याला वाटे. चहाचा कप त्याच्यासमोर येई, इस्त्रीचे कपडे येत, गोळ्यांची वेळ पाळली जाई. फक्त तो तिथे असल्याचं त्याला स्वतःला पटत नसे.

डॉक्टरांनी बोलायला मनाई केली नव्हती. उलट, "बोला, जेवढं बोलाल तेवढं सुटेल," असंच ते म्हणाले होते. पण त्याने स्वयंपाकघरातल्या पाटीवर लिहिणं चालू ठेवलं. ती पाटी काही नवी नव्हती. मामाच्या पहिल्याच वर्षी त्याने ती आणली होती, आवाज जपायला. सकाळच्या दहा मिनिटांसाठी उरलेला दिवस घसा झाकून ठेवायचा, असा त्याचा शिरस्ता होता. बायकोने खुर्च्यांच्या पायांना बनातीचे तुकडे चिकटवले होते. मुलगी बोलायच्या आधी खुणा करायला शिकली होती. भांडणंसुद्धा पाटीवर होत, आणि पाटी पुसली की भांडण मिटतं, असा त्याचा समज होता.

"बरं का मंडळी," स्वयंपाकघरात मामा म्हणाला, "आज मी एक पत्र फोडणार आहे."

फेसाने भरलेला हात भिंतीला टेकून तो तसाच थांबला. ऐकण्यात चूक झाली असेल, असं त्याला आधी वाटलं.

"कोणाचं विचाराल तर, नाव नाही. नुसतं लिहिलंय, चौथा मजला." कागद उलगडल्याचा आवाज आला. "ह्या बाई लिहितात: मामा, आमच्या घरी एक माणूस आहे. पूर्वी तो बोलत नसे, कारण त्याला काम असे. आता तो बोलत नाही, कारण त्याला काम नाही. ह्यातलं खरं कारण कुठलं? तुम्ही गावभर हिंडता, तुम्हाला ठाऊक असेल."

मामा थांबला. एकोणतीस वर्षांत मामा कधी एवढा वेळ थांबला नव्हता.

"बाई," शेवटी तो म्हणाला, "मला ठाऊक नाही. पण उद्या मी परत ह्याच दारावरून जाणार आहे."

घंटी वाजली. जाहिरात सुरू झाली.

तो तरातरा स्वयंपाकघरात गेला. पत्रात काय होतं ते त्याच्या कानावर पडलं होतं, पण आत शिरलं नव्हतं. तो शब्द ऐकतच नव्हता. 'बरं का'च्या आधी त्या नव्या बाईने श्वास घेतला, तो चुकीच्या जागी, हे त्याने ऐकलं. पहिला नियम मोडला हे ऐकलं. सातवाही मोडला. एका दमात दोन!

"मामा पत्र फोडत नाही!" तो म्हणाला. पाटीपर्यंत जायचंही त्याला भान राहिलं नाही. खडे घरंगळले.

बायको त्याच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती. शेंगा मोडत होती.

"आता फोडतात," ती म्हणाली.

"कोणी परवानगी दिली?"

"ते मी काय सांगू?" तिने रेडिओ बंद केला. "फेस वाळतोय. धुऊन घ्या."

तिने वळून पाहिलं नाही. तिच्या हाताखाली देठं पातेल्यात पडत होती आणि शेंगा कचऱ्याच्या डब्यात. तेही त्याने पाहिलं, पण पाहिलं म्हणजे नुसतं पाहिलं. त्याच्या डोक्यात वही होती.

दहाच्या बसने तो केंद्रावर गेला. सही करून आल्यापासून पहिल्यांदाच. फाटकावरचा पहारेकरी नवा होता.

"कोणाला भेटायचंय?"

त्याने वर बोट दाखवलं, मग घसा खाकरून म्हणाला, "टपालमामा."

"मामा आत आहेत, रेकॉर्डिंग चाललंय. आपलं नाव?"

 तेवढ्यात जुना रेकॉर्डिस्ट चहाचा पेला घेऊन जिन्यावरून उतरला, आणि त्याला पाहून पेल्यासकट धावला.

"अहो मामा! सोड रे त्यांना, हे मामा आहेत."

पहारेकऱ्याने एकदा ह्याच्याकडे, एकदा जिन्याकडे पाहिलं. "मग आत कोण आहेत?"

"तेही मामाच," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "चला. आमच्याकडे सध्या दोन आहेत, कमी पडायला नकोत."

जिना चढताना रेकॉर्डिस्ट बोलत होता. गुडघे बोलतात, नातू झाला, कँटीनवाला बदलला, चहाला काही अर्थ राहिला नाही. तो हुंकार भरत होता. वरच्या बोळात पाऊल टाकलं आणि मध्येच तो थबकला. बंद दारामागून त्याचा स्वतःचाच आवाज येत होता. रेडिओतून येतो तसा चपटा नव्हे. जिवंत, अंगापिंडाचा, दोन हातांवर. दाराच्या काचेतून त्याला ती दिसली. डोळे मिटून, एक हात कंबरेवर ठेवून, टाचांवर किंचित डोलत ती बोलत होती. आपण बोलताना टाचांवर डोलत होतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिलाही सांगितलेलं असणं शक्य नव्हतं. तो मायक्रोफोनशी असताना रेकॉर्डिस्टचे डोळे यंत्राच्या काट्यांवर, त्याला बघायला तिथे दुसरं कोण होतं? पण पाहता पाहता त्याच्याच टाचा उचलल्या गेल्या, आणि त्याने चटकन कठडा धरला.

तांबडा दिवा विझला. रेकॉर्डिस्टने दार ढकलून हाक मारली, "मामा!"

दोघांनीही वर पाहिलं.

ती लगबगीने बाहेर आली. तिचा स्वतःचा आवाज जाडसर, जरा घोगरा होता. "सर, तुम्ही? आधी कळवायचं ना! बसा. पंखा लावू?"

तो बसला नाही. "पत्र," तो म्हणाला. एवढ्यानेच खोकला आला.

तिने पाण्याची बाटली पुढे केली आणि तो पिऊन होईपर्यंत थांबली. "सकाळचं पत्र ना? मला वाटलंच होतं, तुम्ही रागवाल. नियम पहिला." ती हसली नाही. "एक दाखवू का? मग काय ते बोला."

बोळाच्या टोकाला एक खोली होती. त्याच्या काळी तिथे पत्रांची कारकून बसत असे. हडकुळी, अबोल बाई होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. श्रोत्यांची पत्रं ती फोडायची आणि प्रत्येकाला मामाच्या सायकलचं चित्र छापलेलं कार्ड पाठवायची: 'तुमचं पत्र पोचलं.' तो स्वतः ह्या खोलीत कधी शिरला नव्हता. श्रोत्यांची पत्रं वाचली की लिहिणारा त्यांच्या कलाने लिहायला लागतो, असं तो नवशिक्यांना ऐकवत असे.

नव्या बाईने कपाटातून एक खोका काढून टेबलावर ठेवला. आत पाकिटांच्या जुड्या होत्या, नाडीने बांधलेल्या, प्रत्येकीवर वर्षाची चिठ्ठी. बावीस जुड्या.

"ही सगळी एकाच बाईंची. पत्ता कधीच लिहीत नाहीत, म्हणून ह्यांना कार्डही गेलं नाही. उत्तर पाठवू नका, एवढं मात्र दर पत्राखाली असतं. मी आले तेव्हा हा खोका रद्दीत निघाला होता, सर. एक सहज उघडलं, आणि मग सगळी वाचली. खरं सांगू? मामा मला तुमच्या फितींतून जमला नाही. फितींतून आवाज जमला. मामा मी ह्यांच्याकडून शिकले. त्यांनी तो इतका ऐकलाय, की तो कुठे थांबतो, कशाला भितो, काय बोलायचं टाळतो, सगळं ह्यांत आहे."

तिने वरच्या जुडीतलं एक पाकीट काढलं आणि आपल्या जाडसर आवाजात वाचलं. "मामा, आज आमच्या ह्यांनी तीन शब्द वापरले. मीठ, दार आणि हं. 'हं' हा शब्दात धरायचा का? धरला तर कालच्यापेक्षा एक जास्त." तिला हसू आलं. "अशा आहेत बाई. कधी कधी पानभर नुसतं लिफ्टमधल्या शेजारणीविषयी. आणि मध्येच असं काहीतरी, की..." तिने वाक्य सोडून दिलं. दुसरं पाकीट घेतलं. "हे बघा. तुम्ही रोज दहा मिनिटं बोलता, मामा. त्यातली दोन उरली तर माझ्याकडे पाठवा. मी जपून वापरीन."

तिने कागद त्याच्या हातात दिला.

शाई निळी होती. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं, आणि प्रत्येक 'ळ'च्या पोटात एक जादा वेटोळं. सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी. गेले चौदा महिने ते वेटोळं फ्रिजच्या दारावरच्या गोळ्यांच्या यादीत त्याच्यासमोर होतं. त्याआधी वाणसामानाच्या याद्यांत होतं. मुलीच्या वह्यांवरच्या नावात होतं. आणि पाटीवर, त्याच्या वाक्याखाली, पुसायच्या आधी.

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. अक्षर तेच राहिलं.

"आणि ही एक चिठ्ठी निघाली, सगळ्यांत खालच्या जुडीत," नवी म्हणाली. "तुमचं अक्षर आहे का हो हे?"

चिठ्ठी पिवळी पडली होती. वर कारकून बाईच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'चौथ्या मजल्यावरच्या बाईंची पत्रं दर पंधरवड्याला येतात. फार छान असतात. मामांना दाखवावीत का?' आणि खाली हिरव्या शाईत, घाईत ओढलेलं: 'नको. सवय लागते.'

हिरवी शाई त्याचीच. संहिता तपासायला तो हिरवं पेन वापरत असे. ती दुपार आठवावी म्हणून त्याने प्रयत्न केला. जेवणाची सुट्टी होती का? ती बाई दारात उभी होती का, की चिठ्ठी टेबलावर ठेवून गेली होती? काही म्हणजे काही आठवलं नाही. एवढ्या वर्षांत लिहिलेल्या हजारो 'नको'पैकी तो एक होता.

खिडकीखाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं. "येऊ द्या, येऊ द्या, बस," असं ओरडणं चाललं होतं. 

"सर, ओळखता का तुम्ही ह्यांना?" नवीने हळूच विचारलं. तिने बहुधा त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी ताडलं होतं, पण काय ते तिला नक्की कळलं नसावं.

तो त्या 'ळ'कडे बघत राहिला. लिफ्टमधली शेजारीण पानभर आहे, म्हणाली ही. शेजारणीचं काय आहे पानभर? त्याला त्या शेजारणीचा चेहराही धड आठवेना.

"नाही," तो म्हणाला.

ते खोटं नव्हतं, आणि त्याचीच त्याला धडकी भरली.

"मग न्या तुम्ही हा खोका. वाचा सावकाश. तसा हा तुमच्याच काळातला."

त्याचा हात खोक्याच्या कडेवर गेला. चार बोटं आत, अंगठा बाहेर. उचलायचाच अवकाश होता. बावीस वर्षं एका बसमध्ये, मांडीवर घेऊन नेता आली असती. मग त्याने हातातला कागद घडीवर घडी जुळवून पाकिटात घातला, पाकीट जुडीत सरकवलं आणि नाडीची गाठ मारली. गाठ दोनदा मारावी लागली.

"ही मामाला आलेली आहेत," तो म्हणाला.

"पण मामा तुम्हीच होतात."

"होतो."

 खोका तिने परत कपाटात ठेवला, अगदी बेताने, आत कोणी झोपलेलं असावं तसा. मग म्हणाली, "तुम्ही काहीतरी सांगायला आला होतात. मीच बोलत सुटले."

"हो." त्याने घसा साफ केला. त्याचा काही उपयोग होत नसे, पण सवय होती. "बरं का, म्हणता ना. त्याच्या आधी श्वास घेऊ नका. नंतर घ्या. आधी घेतला की कळतं, माणूस तयारीने बोलतोय."

तिने लगेच करून पाहिलं. "बरं का मंडळी." श्वास नंतर. खोलीत मामा आला आणि त्या दोघांच्या मध्ये उभा राहिला. त्याच्या अंगावर पुन्हा तोच काटा आला, पण ह्या खेपेला आवाज कुठून आला हे बघायला त्याने मान वळवली नाही.

"असंच," तो म्हणाला.

"आणि तो नियम? पहिला?"

"वही तुमच्याकडे आहे. खोडा."

परतीच्या बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. दोन थांबे गेले आणि एक जाडगेला माणूस कपाटाचा आरसा घेऊन चढला. त्याच्याहून उंच, चादरीत गुंडाळलेला आरसा. बसने हिसका दिला, चादर सरकली, आणि अख्खी बस आरशात आली. मागून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना आत एक रिकामी जागा दिसली. ते तिकडे निघाले, आणि वाटेत आडव्या आलेल्या स्वतःलाच म्हणाले, "जरा सरकता का?" कंडक्टर आला. आरशाला थापटून म्हणाला, "ह्याचं तिकीट?" जाडगेला म्हणाला, "अहो, आरसा आहे." कंडक्टर म्हणाला, "आत तीस माणसं दिसताहेत, त्यांचं कोण काढणार?"

बस हसली. तोही हसला, निदान खांदे हलले. आणि त्याचा हात आपसूक खिशात गेला, पेन शोधायला. असं काही दिसलं की तिकिटाच्या पाठीवर टिपून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी मामाच्या तोंडी घालायचं, ही एकोणतीस वर्षांची सवय. पेन सापडलं. तिकीटही होतं. त्याने 'आरसा' एवढं लिहिलं आणि थांबला.

आता हे द्यायचं कोणाला?

घराचं दार त्याने किल्लीने उघडलं. बायको आतल्या खोलीत इस्त्री करत होती. दुपारचं ऊन खिडकीतून कपड्यांच्या चळतीवर पडलं होतं.

"कुठे गेला होतात? पाटीवर काही लिहिलं नाहीत."

"केंद्रावर."

तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला. त्याच्याच सदऱ्याची बाही होती. "भांडलात?"

"नाही." तो दाराच्या चौकटीला टेकला. "चांगली आहे ती. माझ्याहून चांगली."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. एकदा पाहिलं, आणि मग सावकाश, पुन्हा एकदा. तिला काहीतरी विचारायचं होतं, ओठ हललेसुद्धा. त्यानेही काहीतरी सांगायचं योजलं होतं, बसमध्ये, जिन्यात, लिफ्टमध्ये. ते कुठेतरी गळून पडलं होतं.

"बसमध्ये," तो म्हणाला, "एक माणूस आरसा घेऊन चढला."

आवाज मध्येच फाटला. आरसा म्हणताना 'र' कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "घसा ताणू नका. लिहून सांगा."

त्याने मान हलवली. पलंगावरचे कपडे बाजूला सारून तो कडेला बसला आणि पुढे सांगू लागला. त्याने ते भलतंच वाईट सांगितलं. कंडक्टरचं वाक्य आधी येऊन गेलं, मग म्हातारे गृहस्थ राहिल्याचं आठवलं आणि त्याला मागे जावं लागलं. चादर सरकल्याचं सांगायचं राहिलं, तर आरशात माणसं दिसली कशी? ते पुन्हा सांगावं लागलं. मध्ये दोनदा खोकला आला. मामाने हे सव्वा मिनिटात उरकलं असतं, घंटीसकट. त्याला पाच मिनिटं लागली आणि अजून शेवट आला नव्हता.

बायकोने इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं. हातातला अर्धा सदरा तसाच घेऊन ती त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसली. ती हसत नव्हती. डोळे बारीक करून, थोडी पुढे झुकून ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, लांबून येणारा आवाज नीट लागावा म्हणून माणूस बघतो तशी.

त्याचा श्वास संपला. तो थांबला. छातीतून शिट्टीसारखं काहीतरी वाजत राहिलं.

तिने वाट पाहिली.

"मग?" ती म्हणाली.